घाटवाटेपासून सातबारापर्यंत : खानदेश व अजिंठा डोंगररांगेतील भिल्ल–इंग्रज संघर्षाचा चिकित्सक अभ्यास (१८१८–१८६०)

बीजसंज्ञा : भिल्ल, नाईक, घाटवाटांचे हक्क, भिल्ल पलटण, वसाहतवाद, जमीनबंदोबस्त, कनाक, वनहक्क.

प्रस्तावना :

बुलढाणा हे नाव 'भिल्लठाणा' या शब्दाचा अपभ्रंश असल्याचे परंपरेने सांगितले जाते. अजिंठा डोंगररांगेच्या पठारावर वसलेल्या या गावाच्या नावात ज्या समाजाची स्मृती राहिली, त्या समाजाला जिल्ह्याच्या लिखित इतिहासात मात्र फारच थोडी जागा मिळाली आहे. जेथे भिल्लांचा उल्लेख येतो, तेथे तो बहुधा 'उपद्रव', 'लूटमार', 'बंड' आणि 'बंदोबस्त' या चार शब्दांच्या चौकटीत येतो. हे चारही शब्द राज्यकर्त्यांच्या दप्तरातील आहेत. ज्यांच्याविषयी ते वापरले गेले, त्यांना दप्तर नव्हते.

वऱ्हाडच्या पश्चिमेला लागून असलेल्या खानदेशात इ. स. १८१८ पासून सुमारे चार दशके भिल्ल नाईक व ईस्ट इंडिया कंपनीचे सरकार यांच्यात संघर्ष चालला. सातपुडा, सातमाळा व अजिंठा या डोंगररांगांचा पट्टा हे त्याचे क्षेत्र होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या मते १८२५ नंतर हा प्रश्न 'मिटला'. कॅप्टन ग्रॅहॅम यांचा १८४३ मधील खानदेशातील भिल्लांविषयीचा वृत्तान्त आणि सिमकॉक्स यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेला भिल्ल पलटणीचा इतिहास या दोहोंचा सूर असाच आहे. पुढे अनेक मराठी लेखकांनीही तोच निष्कर्ष स्वीकारला. प्रस्तुत शोधनिबंधात या निष्कर्षाची तपासणी करण्यात आली आहे. १८२५ च्या धोरणामुळे संघर्ष संपला नाही. तो घाटवाटेवरून जमिनीच्या नोंदवहीत गेला, असे येथे प्रतिपादन केले आहे. हे प्रतिपादन अधिक स्पष्ट व्हावे म्हणून प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटांवरील कनाक लोक व फ्रेंच वसाहतवाले यांच्या संघर्षाशी त्याची तुलना केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) भिल्ल–इंग्रज संघर्षाची कारणे केवळ 'कायदा व सुव्यवस्था' या दृष्टीने न पाहता हक्कांच्या दृष्टीने तपासणे.

२) भिल्ल पलटण व भिल्ल एजन्सी या व्यवस्थेचे दूरगामी परिणाम अभ्यासणे.

३) कनाक–फ्रेंच संघर्षाशी असलेली साम्ये व भेद नोंदविणे.

४) वनहक्क कायद्याच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उपलब्ध साधने प्रामुख्याने इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेली असल्याने घटनांसाठी ती आधारभूत मानली आहेत. त्यांतील नैतिक निवाडे मात्र जसेच्या तसे स्वीकारलेले नाहीत.

१. प्रदेश व पूर्वपीठिका :

खानदेश हा तापीच्या खोऱ्यातील सुपीक प्रदेश. त्याच्या उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्री व डांगचे जंगल, तर दक्षिणेला सातमाळा–अजिंठा रांग आहे. हीच अजिंठा रांग पूर्वेकडे बुलढाण्याच्या पठारापर्यंत येते. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत येणाऱ्या सैन्यांना, व्यापाऱ्यांना आणि बैलांच्या तांड्यांना या रांगा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हते. त्यामुळे सेंधवा, कन्नड, अजिंठा, राजूर अशा घाटांना मोठे महत्त्व होते. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती रस्ता, अशी स्थिती होती.

या घाटांची राखण परंपरेने भिल्ल नाईकांकडे होती. वाटसरूंना सुखरूप पार करून देणे, गावाची राखण करणे, चोरीचा माग काढणे ही त्यांची कामे होती. त्याबदल्यात वाटेवरील कर, गावाकडून मिळणारे धान्य, काही ठिकाणी जमीन आणि दरबाराकडून रोख नेमणूक असे त्यांचे हक्क होते. हे हक्क वंशपरंपरागत मानले जात. ते न मिळाल्यास नाईक गाव लुटत अथवा जनावरे पळवून नेत. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ही लूट असली, तरी नाईकांच्या दृष्टीने ती थकलेल्या देण्याची वसुली होती. पूर्वीच्या सत्तांनी ही व्यवस्था कधी मान्य केली, तर कधी मोडून काढली. परंतु तिचे अस्तित्व नाकारले नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही घडी विस्कटली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खानदेश उद्ध्वस्त केला आणि १८०३–०४ च्या दुष्काळाने उरलीसुरली गावे ओस पडली. गावच उरले नाही, तेव्हा गावाकडून मिळणारा हक्क कोठून मिळणार ? भिल्लांच्या टोळ्या डोंगरात जमू लागल्या व लूट वाढली. पेशवाईच्या अखेरच्या काळात त्यांचे निर्दालन करण्याचे क्रूर प्रयत्न झाले. समेटासाठी बोलावून कोपरगाव येथे भिल्लांची कत्तल करण्यात आल्याच्या नोंदी इंग्रज अधिकाऱ्यांनी केल्या आहेत. अर्थात, भिल्लांवरील अन्यायाची सुरुवात इंग्रजांपासून झाली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

२. सत्तांतर आणि संघर्षाची पहिली लाट :

१८१८ मध्ये पेशवाईचा अस्त होऊन खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. एल्फिन्स्टन यांच्या देखरेखीखाली कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांची खानदेशात नेमणूक झाली. ब्रिग्ज यांच्यासमोर ओसाड मुलूख वसविणे, शेतसारा वाढविणे आणि रस्ते सुरक्षित करणे अशी तीन कामे होती. या तिन्ही कामांच्या आड भिल्ल नाईक येत होते.

ब्रिग्ज यांनी दुहेरी धोरण स्वीकारले. एकीकडे नाईकांना नेमणुका देऊ करण्यात आल्या व शरण येणाऱ्यांना माफी जाहीर झाली. दुसरीकडे डोंगराच्या पायथ्याशी लष्करी चौक्या बसवून भिल्लांची धान्याची वाट बंद करण्यात आली. चिल नाईक याला पकडून फाशी देण्यात आले. परंतु एक नाईक शरण आला की दुसरा उठे, आणि एका डोंगरातून हुसकलेली टोळी दुसऱ्या डोंगरात दिसे. अजिंठा रांगेची रचना भिल्लांना अनुकूल होती. रांगेच्या उत्तरेला कंपनीचा मुलूख, तर दक्षिणेला व पूर्वेला निजामाचा मुलूख. एका राज्यात पाठलाग सुरू झाला की दुसऱ्या राज्यात उतरता येई. कंपनीच्या नकाशावर सीमा असलेला डोंगर भिल्लांसाठी मात्र एकच प्रदेश होता. बुलढाण्याचे पठार त्या वेळी निजामाच्या वऱ्हाडात होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

सहा-सात वर्षांच्या लष्करी मोहिमांनी प्रश्न सुटला नाही. मैदानी युद्धात तरबेज असलेल्या शिपायांना जंगलातील हिवतापाने जेरीस आणले. १८२५ मध्ये बागलाणात सेवराम नावाच्या इसमाच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. सातारच्या छत्रपतींचे नाव पुढे करून त्याने लोक जमविले होते. मुल्हेरच्या डोंगरी किल्ल्याचा आश्रय घेतलेल्या या जमावावर लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी अवघ्या २०० शिपायांसह हल्ला करून तो उधळून लावला. जुन्या सत्तेचे नाव घेतले की लोक जमतात, ही गोष्ट कंपनी सरकारला अस्वस्थ करणारी होती. भिल्लांचा प्रश्न केवळ चोरांचा नसून राज्याच्या अधिमान्यतेचा आहे, याची जाणीव यातून अधिकाऱ्यांना झाली असावी.

३. भिल्ल पलटण व तीन एजन्सी :

मुंबईचे गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टन यांनी १८२५ मध्ये नवे धोरण अमलात आणले. खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. दक्षिणेकडील एजन्सीचे ठाणे कन्नड येथे होते व ती कॅप्टन ओव्हन्स यांच्याकडे सोपविण्यात आली. ईशान्येकडील विभागात भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम औट्रम यांच्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय २२ वर्षांचे होते. भिल्लांच्या वस्तीत निःशस्त्र जाणे, त्यांच्याबरोबर शिकारीला जाणे, त्यांच्यात बसून खाणेपिणे अशा मार्गांनी त्यांनी विश्वास संपादन केला. प्रारंभी मोजकेच लोक भरती झाले. दोनच वर्षांत ही संख्या काही शेकड्यांवर गेली आणि १८२७ मध्ये सरकारी खजिन्याच्या पहाऱ्यावर भिल्ल शिपाई उभे राहिले. धरणगाव हे या पलटणीचे मुख्य ठाणे झाले.

एजन्सींचे काम भिल्लांना शेतीत स्थिर करणे हे होते. त्यांना पडीक जमिनी, बैल, बियाणे व नांगरासाठी तगाई देण्यात आली आणि काही वर्षे शेतसाऱ्यात सूट मिळाली. किरकोळ गुन्ह्यांचे निवाडे एजंटने करावेत, पूर्वीच्या गुन्ह्यांची चौकशी करू नये, असेही ठरले. तत्कालीन लष्करी दडपशाहीच्या तुलनेत हे धोरण अधिक मानवी होते, हे मान्य केलेच पाहिजे. दशकाच्या अखेरीस खानदेशातील रस्ते सुरक्षित झाले आणि ओस पडलेली गावे पुन्हा वसू लागली.

तथापि, या धोरणाच्या दोन परिणामांकडे इतिहासलेखनात पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही.

पहिला परिणाम हक्काच्या स्वरूपाशी निगडित आहे. घाटाची राखण हा नाईकांचा वंशपरंपरागत हक्क होता. नव्या व्यवस्थेत तो पगारी नोकरी झाला. हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, नोकरीवरून मात्र काढून टाकता येते. नाईकाच्या घराण्याचे स्थान यापुढे एजंटच्या मर्जीवर अवलंबून राहिले.

दुसरा परिणाम समाजांच्या परस्परसंबंधांशी निगडित आहे. डिसेंबर १८५२ मध्ये खानदेशातील नव्या जमीन पाहणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांतील शेतकरी मोठ्या संख्येने एकत्र आले. कॅप्टन विंगेट यांच्या पाहणी पथकाला काम करणे अशक्य झाले. हे आंदोलन मोडण्यासाठी मेजर मॉरिस यांच्या हाताखाली भिल्ल पलटण वापरण्यात आली. डोंगरातील लोकांच्या हातून मैदानातील शेतकऱ्यांचा विरोध मोडला गेला. ज्या पाहणीने पुढे जमिनीचा मालक कोण हे ठरविले, त्या पाहणीचे रक्षण भिल्ल शिपायांनी केले. त्या पाहणीतून भिल्लांच्या पदरी किती कमी पडले, हे पाहता हा योगायोग विदारक वाटतो.

४. १८५७ : हक्काचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर :

नोकरी झालेल्या हक्काचे काय होते, याचे उदाहरण म्हणून खाज्या नाईक यांचे चरित्र पाहता येते. मुंबई–आग्रा रस्त्यावरील सेंधवा घाटाच्या राखणीचे काम त्यांच्या घराण्याकडे होते. सुमारे वीस वर्षे त्यांनी कंपनीची नोकरी केली. एका संशयिताचा मारहाणीत मृत्यू झाल्यावरून १८५१ मध्ये त्यांना बडतर्फ करून दहा वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. मुदतीपूर्वी सुटका झाल्यावर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. परंतु १८५७ च्या उठावाच्या वार्ता येताच त्यांनी सरकारची साथ सोडली. नोव्हेंबर १८५७ मध्ये इंदूरकडून येणारा सुमारे सात लाख रुपयांचा सरकारी खजिना खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या लोकांनी लुटला. ज्या रस्त्याची राखण त्यांनी आयुष्यभर केली, त्याच रस्त्यावर ही घटना घडली.

११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील अंबापाणी येथे मेजर इव्हान्स यांच्या फौजेशी भिल्लांची मोठी लढाई झाली. लढाईनंतर पकडलेल्या अनेकांना जागीच लष्करी न्यायाने गोळ्या घालण्यात आल्या आणि शेकडो स्त्रियांना कैद करण्यात आले. त्यांत नाईकांच्या घरच्या स्त्रियाही होत्या. खाज्या नाईक १८६० मध्ये दगाफटक्याने मारले गेले. भीमा नाईक यांना अंदमानात पाठविण्यात आले व तेथेच १८७६ मध्ये त्यांचा अंत झाला.

नाशिक–अहमदनगर भागात भागोजी नाईक यांनी याच काळात उठाव केला. तेही पूर्वी कंपनीच्या पोलिसांत नोकरीस होते. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी सिन्नरजवळील नांदूर शिंगोटे येथे त्यांच्याशी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी लेफ्टनंट हेन्री मारले गेले. १८५९ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँक साउटर यांच्या तुकडीशी लढताना भागोजी नाईक यांचा मृत्यू झाला.

या दोघाही नाईकांनी सरकारी नोकरी केली होती, शिक्षा भोगली होती आणि नंतर शस्त्र उचलले होते. 'रानटी टोळ्यांचे बंड' ही इंग्रजी दप्तरातील व्याख्या त्यांना लागू पडत नाही. कंपनीची व्यवस्था त्यांनी आतून पाहिली होती. या काळात भिल्ल पलटण मात्र सरकारशी एकनिष्ठ राहिली. एकाच समाजाचे लोक दोन्ही बाजूंना उभे होते. १८९१ मध्ये या पलटणीचे पोलीस दलात रूपांतर झाले.

५. संघर्षाचे बदललेले क्षेत्र : जमीन व जंगल :

१८६० नंतर घाटातील लढाया थांबल्या. रेल्वेमुळे घाटवाटांचे जुने महत्त्वही ओसरले. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) कापसाचे भाव चढले. खानदेश व वऱ्हाडातील काळ्या जमिनीला अभूतपूर्व किंमत आली. १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला आणि खामगावची कापसाची बाजारपेठ नावारूपास आली. ज्या जमिनीला पूर्वी कसणारा मिळत नव्हता, तिला आता घेणारे अनेक झाले.

भिल्लांना वसविताना मिळालेल्या जमिनी याच काळात त्यांच्या हातून जाऊ लागल्या. शेतसारा रोखीने व ठरल्या तारखेला भरायचा असल्याने सावकाराकडे जाणे भाग पडे. कर्जरोख्यावर अंगठा उठे, दिवाणी न्यायालयात एकतर्फी हुकूमनामा होई आणि जमीन गहाणवटीतून खरेदीखतात जाई. पश्चिम खानदेशातील शहादे–तळोदे भागात मेहनती गुजर शेतकऱ्यांच्या वसाहती वाढत गेल्या आणि भिल्ल मालक आपल्याच शेतात सालदार झाला. लढाई न होता एका पिढीत जे हस्तांतर झाले, ते पलटणींना तीस वर्षांत साधले नव्हते.

उरलेली जमीन जंगलाची होती. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव वनांची व्यवस्था पक्की केली. लाकूड, चारा, मोह, मध गोळा करणे हा हक्क न राहता परवानगीचा विषय झाला. अशा प्रकारे भिल्लांचे तीनही आधार, म्हणजे घाट, जमीन व जंगल, अनुक्रमे रेल्वे, सावकार व वनखाते यांच्याकडे गेले.

विसाव्या शतकात या प्रश्नाने पुन्हा उचल खाल्ली. तळोदे परिसरात १९३० च्या दशकात संत गुलाम महाराजांच्या चळवळीने आदिवासींना दारूबंदी व स्वाभिमानाचा मार्ग दाखविला. १९७१ च्या मे महिन्यात शहादे तालुक्यातील पाटीलवाडी येथे जमीनदारांच्या हल्ल्यानंतर वातावरण पेटले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती परिषद भरली आणि अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे आदिवासी नेतृत्व व श्रमिक संघटना पुढे आली. या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरे त्याच्या कक्षेत आली. परंतु एकोणिसाव्या शतकात गेलेली जमीन या कक्षेबाहेरच राहिली. १९५७ ही तारीख कायद्याची होती, अन्यायाची नव्हे.

६. तुलनात्मक दृष्टिक्षेप : कनाक व फ्रेंच :

वऱ्हाडच्या इतिहासात १८५३ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी मे महिन्यात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी फ्रान्सने ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेली न्यू कॅलेडोनिया ही बेटे ताब्यात घेतली. तेथील मूळ रहिवासी कनाक होत. याम व टारो या कंदांची शेती हा त्यांच्या जीवनाचा व धर्मविधींचा पाया होता. १८६४ पासून फ्रान्सने तेथे कैद्यांची वसाहत केली आणि मुक्त वसाहतवाल्यांना जमिनी दिल्या. या लोकांची मोकाट गुरे कनाकांच्या बागा तुडवू लागली. कनाक प्रमुख अताई यांनी गव्हर्नरपुढे एका पोत्यात माती व दुसऱ्या पोत्यात दगड ओतून, पूर्वी आपल्याकडे काय होते व आता काय उरले हे दाखविले, अशी कथा तेथे प्रसिद्ध आहे. जून १८७८ मध्ये उठाव झाला. त्यात सुमारे २०० युरोपीय व सुमारे एक हजार कनाक मारले गेले. अताई यांना मारणारे फ्रेंच सैनिक नव्हते, तर फ्रेंचांच्या बाजूने लढणारे कनाला भागातील कनाकच होते. अताई यांचे शिर पॅरिसला नेण्यात आले व ते २०१४ मध्ये परत मिळाले. भारतात वन कायदा झाला, तेही वर्ष १८७८ च होते.

उठावानंतर कनाकांना राखीव क्षेत्रांत कोंडण्यात आले. १८८७ ते १९४६ या काळात त्यांना वेगळी, दंडात्मक संहिता लागू होती. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुख्य बेटावरील जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा त्यांच्याकडे उरला. १९८४ ते १९८८ या काळात संघर्ष पुन्हा पेटला. १९८८ मध्ये उवेआ बेटावरील लष्करी कारवाईत १९ कनाक मारले गेले. त्यानंतर मातिन्यों (१९८८) व नूमेआ (१९९८) हे करार झाले. २०१८, २०२० व २०२१ मध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेण्यात आले. तिन्ही वेळा निकाल स्वातंत्र्याच्या विरोधात गेला, मात्र तिसऱ्या वेळी स्वातंत्र्यवादी पक्षांनी बहिष्कार टाकला होता. मे २०२४ मध्ये नंतर आलेल्या रहिवाशांना मतदार यादीत घेण्याच्या प्रस्तावावरून हिंसाचार उसळला व १४ जणांचा बळी गेला.

या दोन इतिहासांत तीन साम्ये आढळतात. एक, दोन्हीकडे मूळ प्रश्न जमिनीवरील हक्काचा असताना दप्तरात तो 'बंड' म्हणून नोंदला गेला. दोन, दोन्हीकडे सत्तेने एकाच समाजातील एका गटाचा वापर दुसऱ्याविरुद्ध केला. कनालाचे कनाक व भिल्ल पलटण ही त्याची उदाहरणे होत. तीन, दोन्हीकडे शस्त्रांचा संघर्ष पुढे नोंदवहीचा संघर्ष झाला. तेथे ती मतदार यादी होती, येथे ती जमिनीची नोंद होती.

भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. न्यू कॅलेडोनियात जमीन घेणारे परदेशातून आलेले गोरे वसाहतवाले होते. खानदेशात इंग्रजांनी जमिनीवर गोरे शेतकरी वसविले नाहीत. भिल्लांची जमीन ज्यांच्याकडे गेली ते एतद्देशीय सावकार व शेतकरी होते. त्यांतील अनेकांचे वंशज त्याच गावांत राहतात. म्हणूनच १९४७ मध्ये इंग्रज गेल्यावर हा प्रश्न आपोआप सुटला नाही. कनाकांच्या इतिहासात दोषी दूरचा आहे, आपल्या इतिहासात तो शेजारचा आहे. मराठी इतिहासलेखनात या विषयाला बगल का मिळाली, याचे एक कारण येथे असावे.

७. बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात :

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरात भिल्ल, भिलाला, कोरकू, निहाल या समाजांची गावे व पाडे आहेत. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पाशी जोडले गेले आहे. वनसंवर्धन व वननिवासींचे हक्क हे दोन्ही प्रश्न येथे एकमेकांसमोर उभे राहतात.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला नवे वळण दिले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क या कायद्याने मान्य केला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे या कायद्याच्या उद्देशिकेतच नमूद आहे. दावा सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो. वसाहतकालीन दप्तरात भिल्लांची नावे गुन्हेगार, शिपाई किंवा कर्जदार म्हणून सापडतात. कसणारा म्हणून ती क्वचितच सापडतात. ज्या दप्तराने त्यांना वगळले, त्याच दप्तरातील कागद त्यांच्याकडे मागितला जाणे हा या इतिहासाचा उरलेला भाग आहे.

या कायद्याखालील २००८ च्या नियमांत एक महत्त्वाची तरतूद आहे. सरकारी कागदांबरोबरच वडीलधाऱ्या माणसांचे लेखी नोंदविलेले निवेदन, जुनी घरे, बांध, दफनभूमी व देवस्थाने ही पुरावा म्हणून ग्राह्य धरली आहेत. कायद्याने मौखिक स्मृतीला जो दर्जा दिला, तो इतिहासाच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा दिलेला नाही.

निष्कर्ष :

१) भिल्ल–इंग्रज संघर्षाचे मूळ घाटवाटा, गावराखण व जमीन यांवरील परंपरागत हक्क नाकारले जाण्यात होते. 'लूटमार' हे त्याचे दृश्य रूप होते.

२) १८२५ च्या धोरणाने हिंसा कमी झाली, परंतु हक्काचे नोकरीत रूपांतर झाले. खाज्या नाईक व भागोजी नाईक यांचे उठाव या रूपांतराची परिणती होत.

३) १८६० नंतर कापसाची बाजारपेठ, रोखीचा शेतसारा, सावकारी व वन कायदा यांमुळे जमिनीचे हस्तांतर झाले. संघर्ष संपला नसून त्याचे क्षेत्र बदलले.

४) कनाक–फ्रेंच संघर्षाशी तुलना केल्यास वसाहतवादाची समान पद्धत दिसते. मात्र खानदेशात जमीन घेणारे एतद्देशीय असल्याने उत्तरदायित्वाचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही शिल्लक राहिला.

समारोप :

अजिंठ्याच्या रांगेतून व सातपुड्याच्या पायथ्याने फिरताना नाईकांची ठाणी, जुने घाट, देवांची ठिकाणे आजही दाखविली जातात. ती दाखविणारी पिढी आता थकली आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने पाड्यापाड्यांवर जाऊन ज्येष्ठांच्या आठवणी तारीख, स्थळ व साक्षीदारांसह नोंदवून घेतल्यास त्या इतिहासाचे साधन होतील आणि ग्रामसभेपुढे पुराव्याच्याही उपयोगी पडतील. भिल्लांचे नाव धारण करणाऱ्या जिल्ह्याकडून एवढे कार्य अपेक्षित आहे.